दुसऱ्या खंडातलं पान

नाशकात दूध बाजाराच्या मागच्या गल्लीत निसारभाईंचं बाइंडिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एकच खोली. एका भिंतीला पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस, समोर कटिंग मशीन, मधे ठेंगणं मेज आणि मेजावर खळीचं पातेलं. खळ ते अजून घरीच शिजवतात. मैद्यात चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही. आमच्या शाळेची हजेरीपत्रकं आणि फाटके नकाशे मी तीस वर्षं त्यांच्याकडे नेले. निवृत्त झाल्यावर नेण्यासारखं काही राहिलं नाही, तरी भाजी घेऊन येताना मी तिथे डोकावते.

पूर्वी या दुकानात दोन माणसं असायची. निसारभाई पुठ्ठे कापत, कापड चढवत, आणि मेजाच्या पलीकडे बसून जुलेखाभाभी शिलाई करत. मेण लावलेला दोरा, जाड सुई, आणि तोंडाची अखंड टकळी. शेजारच्या बेकरीवाल्याची सून, मालेगावची लग्नं, लेक अरिबाचे शाळेतले मार्क, सगळं त्या शिवता शिवता सांगत. निसारभाई फक्त "हं" म्हणत. भाभी मला म्हणायच्या, "बाई, चाळीस वर्षांत या माणसानं मला चाळीस वाक्यं दिली असतील. बाकी सगळे हं." त्यावरही निसारभाई "हं" म्हणाले होते आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

एक काम मात्र ते भाभींवरच सोडत. पुस्तक उसवलं की त्यातून सुटी झालेली पानं निघतात. ती कुठल्या पुस्तकातली, कशाच्या मागे, कशाच्या पुढे, हे बघून लावायचं काम भाभींचं. चार ओळी वाचून त्या पान जागेवर ठेवत. सहा वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये त्या गेल्या. अरिबा तेव्हा आली, चाळीस दिवस राहिली आणि नवऱ्याकडे मस्कतला परत गेली. निसारभाई दुकानात एकटे राहिले. आता त्यांना "हं" म्हणायलाही समोर कोणी नव्हतं.

गावातल्या एका वाचनालयाची पुस्तकं त्यांच्याकडे बांधायला येतात. तिथला किशोर ती सायकलवर आणून देतो. त्यानंच एकदा विचारलं, "चाचा, एवढी पुस्तकं बांधता, वाचता का एखादं?" आणि 'सप्तघाट' नावाच्या कादंबरीचा पहिला खंड त्यांच्या हातात ठेवला.

मी ती पुस्तकं तेव्हा पाहिली नव्हती. सात घाटांमागे दडलेलं एक राज्य, तिथले राजे, हद्दपार राण्या, बोलणारे बर्फाचे कडे, असं त्यात आहे. एकेक खंड विटेएवढा जाड. सहा निघाले होते आणि सातवा, शेवटचा, निघेना. चार वर्षं वाचक वाट बघत होते. वाट बघणारा माणूस गप्प बसत नाही. हा त्या राणीचा भाऊ असणार, तो म्हातारा म्हणजेच पहिल्या खंडात मेलेला सेनापती, असे धागे लोक शोधत आणि एकमेकांना पटवत. त्याला ते थिअरी म्हणत. देवळाली कॅम्पच्या तृप्ती नावाच्या मुलीनं त्यासाठी फोनवर ग्रुप काढला होता. दोनशे माणसं. किशोरनं निसारभाईंना त्यात घातलं.

वर्षभर ते नुसते वाचत राहिले. पण ग्रुपवर सकाळी कोणीतरी "सुप्रभात घाटकरी" लिही, की हेही हळूहळू एकेक अक्षर शोधून "सुप्रभात" लिहीत. त्याला कोणी ना कोणी "सुप्रभात काका" म्हणे. मी एकदा गेले तेव्हा ते चष्मा कपाळावर चढवून फोन न्याहाळत बसले होते. "बाई, बसा," म्हणाले, आणि मला न विचारता सांगायला लागले. निसारभाई आपणहून काही सांगतात हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"दुसऱ्या खंडात एक नावाडी आहे बघा. कातळ्या म्हणतात त्याला. राजकन्येला रात्रीत नदीपार सोडतो आणि निघून जातो. पुढे कुठेच येत नाही. सगळे म्हणतात, मुका होता बिचारा."

"मग?"

"मुका नाही तो." त्यांनी खंड उघडून माझ्यासमोर धरला. "हे पान वाचा."

पिवळसर जाड कागदाचं एक पान होतं. त्यावर आकडा नव्हता आणि मागची बाजू कोरी होती. प्रत्येक खंडात अशी आठ-दहा पानं मधेमधे चिकटवलेली असतात आणि त्यांत कुणाची तरी आठवण असते, कुणाची ते लिहिलेलं नसतं. या पानात एक आई पहाटे मुलाच्या घोट्याला निळा दोरा बांधते, त्याला बर्फात एकट्याला सोडते आणि म्हणते, तुझं नाव कुणाला सांगू नकोस, कुणी कितीही विचारलं तरी.

"नावाड्याच्या प्रकरणाला लागून आहे हे पान," निसारभाई म्हणाले. "म्हणजे आठवण त्याची. आईला शब्द दिला म्हणून तो बोलत नाही. लोकांना वाटतं मुका आहे. आणि पाचव्या खंडातला राजा सोमकेत, त्याच्या आईच्या हातात निळ्या दोऱ्याची रिळं असतात. दोघं भाऊ आहेत, बाई. खरा राजा होडी चालवतोय."

मला ते फार आवडलं. मी तसं म्हटलं. ते लाजले आणि खळ ढवळू लागले.

त्या आठवड्यात त्यांनी धीर करून ही गोष्ट ग्रुपवर लिहिली आणि पानाचा फोटो टाकला. मग जे झालं ते त्यांनाही झेपलं नाही. लोकांनी आपापले खंड काढले. कुणाच्याच दुसऱ्या खंडात ते पान नव्हतं. सगळ्यांकडे ते पाचव्यात होतं, राजा सोमकेतच्या प्रकरणामागे. मयूर म्हणून एक मुलगा आहे, इंजिनिअरिंग झालेला, ग्रुपवर सगळ्यात जास्त लिहिणारा. त्यानं कोडं सोडवलं. वाचनालयाचा खंड पहिल्या आवृत्तीचा. लेखिकेनं हे पान मुळात दुसऱ्या खंडात, नावाड्याच्या मागे ठेवलं होतं. भेद लवकर फुटेल म्हणून पुढच्या आवृत्तीत ते काढलं आणि पाचव्यात नेऊन लपवलं. पहिल्या आवृत्तीच्या आणखी दोन प्रती लोकांकडे निघाल्या, त्यांतही पान नव्हतं. मयूर म्हणाला, ही चिकटवलेली पानं गळतातच, त्यात काय. नाशिकच्या एका वाचनालयात तेवढं एक टिकलं. त्यानं या सगळ्याला नाव दिलं, 'निसार थिअरी'.

सकाळी आता वीस-वीस जण "सुप्रभात निसारकाका" लिहीत. पुण्याहून, कोल्हापूरहून लोक त्यांना आणखी काही विचारत. ते दिवसभर उत्तरं लिहीत. बोटाला खळ लागलेली असे म्हणून फोनच्या काचेवर पांढरे डाग पडलेले असत. गल्लीतला चहावाला म्हणाला, "चाचा, निकाह-बिकाह ठरला का काय? हसताय एकटेच." त्यावर निसारभाई चक्क म्हणाले, "ठरला की सांगतो, तू जेवायला येऊ नको."

पण चाळीस वर्षं पुस्तकं बांधलेला माणूस होता तो. पान पाचव्यात आहे हे ऐकल्याबरोबर त्यांच्या मनात काय आलं असेल ते मला नंतर कळलं. त्यांनी किशोरला विचारलं, "वाचनालयाचा पाचवा खंड पुन्हा आणतोस का रे?" किशोर म्हणाला, "वाचकाकडे गेलाय, आला की देतो." पुढचे दोन महिने किशोर दर आठवड्याला येत होता. निसारभाईंनी त्याला पुन्हा विचारलं नाही.

जानेवारीत तृप्तीनं सगळ्यांना भेटायचं ठरवलं. रविवारी, कॉलेज रोडच्या एका कॅफेत. निसारकाकांनी ते पान घेऊन यायचंच, असं ठरलं. निसारभाई मला म्हणाले, "बाई, तुम्ही चला. त्या मुलांत मला एकट्याला बोलता येणार नाही." मी हो म्हटलं.

त्या शुक्रवारी किशोरनं पाचवा खंड आणून मेजावर ठेवला. वाचकानं त्याची पाठ फाडून परत केला होता. निसारभाई सवयीनं कामाला लागले. फाटकं कापड सोलून काढलं. ते प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर, कापडाखालच्या कागदावर, बांधल्याची तारीख पेन्सिलीनं लिहितात. कुणाला ती दिसत नाही, पुन्हा पुस्तक उसवलं तर त्यांनाच दिसते. तिथे चौदा ऑगस्ट होता, सहा वर्षांपूर्वीचा. जुलेखाभाभी एकोणीसला गेल्या. मग त्यांनी सोमकेतचं प्रकरण काढलं. प्रकरणाच्या शेवटी, शिलाईच्या खोबणीत, जुन्या डिंकाची एक रेघ होती आणि पिवळ्या कागदाचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा.

हे मला रविवारी रिक्षात कळलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मांडीवर कापडी पिशवीत दोन्ही खंड घेऊन ते बसले होते. सारडा सर्कलला सिग्नल लागला तेव्हा त्यांनी सांगितलं.

"सहाही खंड तेव्हा एकदम बांधायला आले होते. जुलेखानं उसवून ठेवले होते, सुटी पानं वजनाखाली ठेवली होती. आणि मग दवाखाना. मी सकाळी तिथे, दुपारी दुकानात. वाचनालयाचा तगादा होता. पानं मीच लावली. मला ते काम येत नाही, बाई. कधी केलंच नव्हतं."

सिग्नल सुटला, रिक्षा निघाली.

"नाही सांगितलं तर?" त्यांनी विचारलं. "कुणाचं नुकसान आहे?"

"कुणाचं नाही," मी म्हटलं.

"सांगितलं तर उद्या सकाळी मला कोण विचारणार आहे? बाइंडरनं पान चुकवलं, एवढीच गोष्ट राहते." ते बाहेर बघत होते. मग म्हणाले, "पण ती मुलं मला खरं समजून विचारतात."

कॅफेत वीस-बावीस जण जमले होते. निसारभाई आत गेले तर सगळे उठून उभे राहिले. तृप्तीनं त्यांना भिंतीकडची मऊ खुर्ची दिली. मला कुणीतरी विचारलं, "आजी, तुम्ही पण घाटकरी का?" मी म्हटलं, "नाही, मी शेजारीण." मयूरनं दुसरा खंड दोन्ही हातांनी, देवाचा प्रसाद घ्यावा तसा घेतला, पान उघडलं आणि सगळ्यांना दाखवलं. फोटो झाले. मग म्हणाला, "आता काका दोन शब्द बोलतील."

निसारभाई उभे राहिले. पिशवीतून पाचवा खंड काढला, खोबणीतला पिवळा तुकडा दाखवला आणि त्यांनी सांगून टाकलं. "हे पान इथलं आहे. माझ्याकडून तिकडे लागलं. लेखिकेनं काही लपवलेलं नाही. चूक माझी आहे."

मग एक जण हसला, आणि बाकीचेही.

"काय काका, तुम्ही पण ना!"

"प्रकाशकाचा फोन आला वाटतं काकांना!"

"थट्टा नाही," निसारभाई म्हणाले.

मयूर मात्र हसला नव्हता. तो विचार करत होता. "काका, एक विचारू? चाळीस वर्षांत तुमच्याकडून असं पान किती वेळा चुकलं?"

"माझ्या माहितीत एकदाच."

"आणि ते एकदा नेमकं हेच पान? सहा खंडांतली साठ पानं, आणि नेमकं हेच, नेमकं नावाड्याच्या मागे जाऊन बसलं?" तो सगळ्यांकडे वळला. "आणि तो तुकडा? तो कुठल्याही पिवळ्या पानाचा असू शकतो. एवढा योगायोग असतो का?"

टाळ्या पडल्या. खरं बोलणाऱ्याकडे मयूरइतका नीट रचलेला मुद्दा नसतो, हे मी वर्गात अनेकदा पाहिलं आहे. शेवटी निसारभाई हळू आवाजात म्हणाले, "त्या आठवड्यात माझी बायको दवाखान्यात होती. सुटी पानं ती लावायची."

तृप्तीनं मान खाली घातली. "सॉरी काका," मयूर म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं. मग जरा थांबून, "पण तुम्ही पान वाचा ना परत. ते नावाड्याचंच वाटतं. तुम्हालाच पहिल्यांदा वाटलं होतं."

यावर निसारभाई "हं" म्हणाले.

कॉफी झाली, केक कापला, मुलांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले. आम्ही रिक्षानं परत आलो.

सोमवारी त्यांनी दुसऱ्या खंडातलं पान वाफेनं अलगद सोडवलं, पाचव्यात जिथलं तिथे लावलं आणि दोन्ही पुस्तकं वाचनालयात पाठवली. त्यांच्या दृष्टीनं काम चोख झालं. पण ग्रुपमधलं कुणी तरी वाचनालयात जाऊन खात्री करून आलं आणि ग्रुपवर हाहाकार उडाला. एकमेव पुरावा नष्ट केला! काकांवर दबाव आला. काकांना पैसे मिळाले. काका मुळात कोण आहेत? तृप्तीनं दोनदा लिहिलं, "असं बोलू नका, ते वयानं मोठे आहेत." पण तेवढ्यानं काय होणार? निसार थिअरी तशीच राहिली, उलट आता ती अधिक पक्की झाली. निसारभाईंचं "सुप्रभात" मात्र तीन दिवस कुणी उचललं नाही. चौथ्या दिवशी ते ग्रुपमधून बाहेर पडले.

मी गेले की ते काम करत असत. फोन फळीवर उपडा पडलेला. मी वाचनालयातून पहिला खंड आणून वाचायला घेतला होता, त्याबद्दल काही विचारलं तर ते नीट उत्तर देत. पण माझं वाचन सावकाश. बोलणं लवकर संपे. मग प्रेसचा दांडा फिरवल्याचा आवाज तेवढा येत राही.

सातवा खंड येणार असं एप्रिलमध्ये जाहीर झालं. लोकांची एवढी गर्दी लोटली की तृप्तीनं नव्या वाचकांसाठी वेगळा ग्रुप उघडला. किशोरनं त्याचा कागद वाचनालयाच्या फळ्यावर लावला.

गेल्या आठवड्यात मी दुकानात गेले तर निसारभाई मेजाशी बसून फोनमधून येणारा एका मुलीचा आवाज ऐकत होते. मला त्यांनी हातानं बसायची खूण केली. ते नव्या ग्रुपमध्ये गेले होते. नावाच्या जागी नुसता एक ठिपका ठेवला होता, आणि एक म्हातारा वाचक एवढीच ओळख दिली होती.

"काका, तुम्ही नवीन हाय ना, म्हणून सुरुवातीपासून सांगते," मुलगी सांगत होती. पेठची होती, ज्योत्स्ना नावाची, तिथल्या कॉलेजात शिकणारी. "लय भारी थिअरी आहे. तो नावाडी हाय ना, कातळ्या, तो मुका नाय. त्यानं आईला शब्द दिलाय. हे आधी कुणाला म्हणून कळलं नव्हतं. जुन्या नाशकात एक बाइंडर होता, त्याला एका पुस्तकात पान सापडलं. त्यानं ते दाखवलं, मग कुणीतरी दम दिला म्हणून लपवलं. तो बाइंडर आता नाही म्हणतात. वारला. पण थिअरी त्याच्याच नावानं हाय."

आवाज थांबला. मी निसारभाईंकडे पाहिलं.

"हिला खरं का नाही सांगत?"

"सांगितलं की बोलणं संपतं, बाई. एकदा बघितलं ना आपण." त्यांनी बोटं फडक्याला पुसली आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'हे मला माहीत नव्हतं. राजा सोमकेतचं काय?'

आम्ही थांबलो. बाहेर बेकरीचा टेम्पो मागे घेत होते. फोन वाजला. या वेळचा निरोप अकरा मिनिटांचा होता. निसारभाईंनी फोन मेजावर, जुलेखाभाभी बसत त्या बाजूला ठेवला, आवाज मोठा केला आणि पुठ्ठ्याला खळ लावायला घेतली. ज्योत्स्ना राजाच्या आईबद्दल सांगू लागली. ते मधूनमधून "हं" म्हणत होते.